आजाऱ्यांची यादी

४ जानेवारी

आज डोकं भादरलं. इथला न्हावी माणूस बघत नाही, मान बघतो. रांगेत शिरलो तेव्हा आम्ही चाळीस निरनिराळी माणसं होतो, बाहेर आलो तेव्हा चाळीस उकडलेली अंडी. मग नंबर दिला, ट्रंक दिली, दोन घोंगड्या, एक मग आणि बुटांचे दोन जोड. माझे बूट अर्ध्या नंबराने मोठे आहेत. सांगितलं तर भांडारवाला म्हणाला, "बूट बरोबर आहे, पाय लहान आहे."

निघताना दाजी म्हणाले होते, "महिन्याच्या आत परत येशील. तुझा पॉलिशचा ब्रश रॉकेलमध्ये भिजवून ठेवतो, वाळायला नको." ताई हसली. आई हसली नाही, पण ती त्यांच्याच घरात राहते, म्हणून काही बोललीही नाही. पाच वर्षं त्या फर्निचरच्या दुकानात मी लोकांच्या कपाटांना चकाकी आणली. दाजी गिऱ्हाइकासमोर मला "आमचा माणूस" म्हणायचे. मेहुणा कधीच म्हणाले नाहीत.

परत जाणार नाही.

६ जानेवारी

आम्हाला कवायत शिकवणारा हवालदार. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. मला वाटलं होतं, आईबहिणीवरून शिव्या घालणारा कुणी राक्षस असेल. हा शिवी देत नाही, आवाजही चढवत नाही. आम्हाला "पाहुणे" म्हणतो. "उठा पाहुणे, झोप झाली का? गादी टोचली नाही ना?" आणि मग त्याच गाद्या डोक्यावर घेऊन मैदानाला सहा फेऱ्या. "पाहुण्यांना चहा आवडला नाही वाटतं" असं म्हणाला की समजायचं, पुढचा तासभर कोपरांवर सरपटायचं आहे. इतक्या आदराने मला आयुष्यात कुणी छळलं नव्हतं.

११ जानेवारी

लिहायला पेन धरवत नाही. कोपरांची सालं निघालीत. काल दोराच्या मध्यावर लटकलो आणि तिथेच राहिलो, ना वर ना खाली, सुगरणीच्या खोप्यासारखा. खाली सगळे हसत होते. उतरल्यावर शेजारच्या खाटेवरच्याने सांगितलं, "हातांनी चढू नकोस. पायांनी दोर पकड, हातांनी फक्त धर." आज चढलो.

त्याला सगळे मास्तर म्हणतात. एका प्राथमिक शाळेत तो हंगामी शिक्षक होता. पोरं कमी झाली, शाळा बंद पडली. "मुलं संपली म्हणून मास्तर सैन्यात आला," असं तो स्वतःच सांगतो. उंच, काटकुळा, चालताना पंजे बाहेर टाकतो. उस्ताद त्याला रोज विचारतो, "पाहुणे, तुमचे दोन पाय एकाच गावाला जाणार आहेत ना?"

१९ जानेवारी

आज एक गोष्ट चांगली झाली. बुटांची तपासणी होती. उस्तादने माझा बूट उचलून बराच वेळ त्यात पाहिलं. "यात मला माझा चेहरा दिसतोय," म्हणाला. "फारसा बरा नाही, पण दिसतोय." मग त्याने मला प्लाटूनचा सिनियर केलं.

सिनियर म्हणजे आमच्यातलाच एक रिक्रूट. सकाळी मोजणी द्यायची, हत्यारं मोजून घ्यायची आणि सहाच्या आत आजाऱ्यांची यादी लिहून उस्तादच्या हातात द्यायची. यादीत नाव नसेल त्याला दवाखान्याच्या पायरीवरही उभं करत नाहीत. बाकीचे आता मला जेवणाच्या रांगेत पुढे सोडतात. पाच वर्षांची पॉलिश कुठेतरी कामी आली.

२८ जानेवारी

काल यादीत पाच नावं होती. एकाला ताप, एकाचा घोटा, तिघांना जुलाब. उस्तादने यादी वाचली, घडी केली, खिशात ठेवली. "पाहुण्यांची तब्येत नाजूक आहे. मोकळी हवा हवी." मग पाचही जणांसकट सगळ्या प्लाटूनला पाठीवर वाळूची पोती देऊन टेकडी. जुलाबवाल्यांचं काय झालं ते लिहीत नाही.

नंतर मला बाजूला घेतलं. "यादी तुम्ही लिहिता, की आजार तुमच्याकडून लिहून घेतात?"

त्याने यादीच्या खिशावर थाप मारली.

"चार प्लाटून आहेत. ज्याची यादी सगळ्यात छोटी, झेंडा त्याचा. झेंडा ज्याचा, त्याचा सिनियर इथेच शिकवायला राहतो. क्वार्टर मिळते."

मेसच्या मागे त्या क्वार्टरी आहेत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे दोरी बांधायला दोन खांब. आज मुद्दाम तिकडून वळसा घेऊन आलो. आईचं स्वतःचं स्वयंपाकघर सुटून सात वर्षं झाली. ताईकडे ती मीठ घेतानाही विचारून घेते.

३ फेब्रुवारी

यादी कोरी असण्याचा आज चौथा दिवस. अवघड नसतं. "खरंच एवढं दुखतंय का?" असं तीनदा विचारलं की निम्मी दुखणी पळतात. आमच्यात एकजण आहे, दोन माणसांचं जेवतो म्हणून त्याला डबल म्हणतात. त्याचं पोट दुखत होतं. मी म्हटलं, "आज मेसमध्ये खीर आहे." पोट थांबलं.

सकाळी मास्तर म्हणाला, "डाव्या नडगीत ठणका लागतो. धावलं की वाढतो."

"सगळ्यांच्याच लागतो. नवे बूट आहेत."

"हो, तसंच असेल." लगेच कबूल झाला. शिकलेला माणूस असला की समजावायला सोपा जातो.

९ फेब्रुवारी

पुढच्या आठवड्यात नकाशावाचनाची परीक्षा. मला त्या उंचीच्या रेघा काही केल्या कळत नव्हत्या. मास्तरने मला मूठ आवळायला लावली, पेनाने बोटांच्या पेरांभोवती एकात एक गोल काढले आणि म्हणाला, "आता हात सपाट कर." केला. "मूठ म्हणजे डोंगर, हात म्हणजे नकाशा. रेघा जवळ आल्या की चढ अंगावर येतो." दोन मिनिटांत कळलं. मी म्हटलं, तुझी शाळा बंद पडली ती पोरांच्या नशिबाने. तो हसला.

उठताना त्याने खाटेचा कठडा धरला. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

१५ फेब्रुवारी

परीक्षेत पन्नासपैकी त्रेचाळीस! मास्तरला एकोणपन्नास.

पण आज सकाळी तो पावणेसहाला माझ्यापुढे उभा राहिला, सावधानमध्ये, साहेबापुढे राहावं तसा. म्हणाला, "माझं नाव लिही. पाय टेकवत नाही."

पायमोजा खाली करून दाखवला. नडगीवर बोटभर जागा सुजली होती, तांबूस. मी दाबली. तो ओरडला नाही, फक्त श्वास आत घेतला.

मी नाव लिहिलं. खरंच लिहिलं. उस्तादकडे जाता जाता व्हरांड्यात थांबलो. आमची आणि तीन नंबरच्या प्लाटूनची यादी बरोबरीत चालली आहे, आणि रविवारी मोठी कूच आहे. त्याआधी एक नाव म्हणजे झेंडा गेला. कूच झाली की सोमवारी त्याला पाठवता येईल. आठवडाच तर आहे. मी कागद फाडला आणि नवा लिहिला.

"कोरी?" उस्तादने विचारलं.

"कोरी, उस्ताद."

"पाहुणे नाही राहिलात तुम्ही आता," तो म्हणाला. पहिल्यांदाच. मला किती बरं वाटलं ते इथे लिहिलं पाहिजे, कारण नंतर मी ते कबूल करणार नाही.

मास्तरला म्हटलं, "उस्तादने नाव काढलं." त्याने मान हलवली. उस्तादबद्दल कुणी काहीही पटकन मानतं.

१८ फेब्रुवारी

मास्तरमुळे आज रस्सीच्या मैदानात आम्ही शेवटचे आलो. शिक्षा सगळ्यांना. सुक्याबरोबर ओलंही जळतं. दुपारी मेसमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसलं नाही. डबल त्याच्या ताटाशेजारून जाताना म्हणाला, "लंगडी घालायची तर शाळेतच घालायची होती, मास्तर." सगळे हसले. मी सिनियर आहे, मी हसलो नाही. पण थांबवलंही नाही. प्लाटूनला थोडा राग काढू द्यावा लागतो, नाहीतर तो आत साठतो. हे मी उस्तादकडून शिकलो.

मी माझं ताट घेऊन त्याच्याकडे जाणार होतो. मग वाटलं, सिनियरने बाजू घेतली असं दिसेल.

२१ फेब्रुवारी

कूच. पाठीवर पूर्ण सामान, वीस किलोमीटर. पहिले दहा मास्तर माझ्या मागे होता. मला त्याचे पाय ऐकू येत होते, एक जोरात, एक हळू. बाराव्या किलोमीटरला मी त्याची रायफल घेतली. हे लिहून ठेवतो. त्याची रायफल मी घेतली होती.

चौदाव्याला रस्ता उताराला लागला. तिथे आवाज आला. पाच वर्षं लाकडात काढलीत, मोडण्याचे आवाज मला कळतात. ओली फांदी वेगळी मोडते, सुकी फळी वेगळी. ही सुकी फळी होती.

तो बसला नाही, कोसळला. पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. ओरडण्याआधी तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सॉरी." प्लाटूनला उशीर होईल म्हणून.

उस्तादने बाकीच्यांना पुढे काढलं. एक माणूस कमी असला तरी वेळ धरला जातो. आम्ही वेळेत पोचलो.

२२ फेब्रुवारी

झेंडा आम्हाला मिळाला. आमच्या बराकीच्या दारावर लावलाय.

जेवण गेलं नाही.

२४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणे सगळ्यांना सांगत होता, हे हाड एका दिवसात मोडलेलं नाही. आधी बारीक चीर होती, तीन आठवडे तरी. त्यावर हा माणूस धावत होता. आता चौकशी लागली आहे.

उस्ताद मला हत्यारखान्यात भेटला. रायफली मोजत मोजत बोलत होता, माझ्याकडे न बघता. "माझ्याकडे या महिन्यात आलेल्या सगळ्या याद्या कोऱ्या होत्या. सह्या तुमच्या आहेत. मला जे मिळालं ते मी पाहिलं." मग म्हणाला, "दुखणं लपवणारी माणसं असतात. शिकलेली जास्त लपवतात. अभिमान असतो." आणि पुढची रायफल उचलली. मला काही कर म्हणाला नाही. अगदी काही म्हणाला नाही.

२५ फेब्रुवारी

मास्तरला बघायला गेलो. पाय वजन लावून टांगलाय. तोंड एवढंसं झालंय. म्हणाला, "बस ना." मी उभाच राहिलो, भेटीची वेळ थोडी होती.

इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, "उद्या चौकशी आहे."

"माहितेय."

"तुझं व्हायचं ते झालं. आता पाय बरा होईल, बसायची नोकरी देतील. तुला काय, तू शिकलेला आहेस, कारकुनी मिळेल. दोघंही बुडून काय मिळणार?"

तो छताकडे बघत होता. मग विचारलं, "क्वार्टर मिळाली की आईला आणशील ना?"

"आणीन."

"मग ठीक आहे."

मी त्याच्याकडे काही मागितलं नाही. तो स्वतःहून म्हणाला. बसायची नोकरी देतात असं मला कुणी सांगितलेलं नाही, पण देत असतीलच.

२६ फेब्रुवारी

मेजरसाहेबांची खोली. साहेब, डॉक्टर, लिहून घेणारा कारकून. उस्ताद माझ्या मागे भिंतीला.

"या रिक्रूटने पाय दुखत असल्याचं तुला कधी सांगितलं होतं?"

"नाही, साहेब."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "एकदाही? तुमच्या खाटा शेजारी आहेत."

"नाही, साहेब."

मास्तरचा जबाब सकाळी दवाखान्यातच घेतला होता. कारकुनाने वाचून दाखवला. 'मी कोणालाही सांगितले नाही. चूक माझी आहे.' दोन्ही जबाब जुळले. साहेबांनी मान डोलावली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दोर चढायला मला एवढ्यापेक्षा जास्त वेळ लागला होता.

बाहेर आल्यावर मला मास्तरचा राग आला. कशासाठी आला ते कळत नाही. एवढं चांगलं कुणी कुणाशी वागू नये.

५ मार्च

आज भेटीच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं आई. होती मास्तरची थोरली बहीण. बस कंडक्टर आहे, पाळी संपवून तशीच निघालेली, खाकी गणवेश, खांद्यावरून पट्टा गेल्याची सुरकुती तशीच. मी बसायच्या आधीच तिने एक पत्र टेबलावर ठेवलं.

"हे त्याने घरी लिहिलेलं. पंधरा फेब्रुवारीचं. वाचा."

त्यात लिहिलं होतं: पाय फार दुखतो, आज सिनियरला सांगितलं, तो माझा मित्र आहे, तो काहीतरी करेल.

"हे मी साहेबांना दाखवलं," ती म्हणाली. "घरच्या पत्राला साक्ष धरत नाहीत म्हणे. तुकडीतल्या कुणीतरी लिहून द्यायला हवं. तक्रार केली होती असं ठरलं, तर पाय बरा होईपर्यंत इथे ठेवतील आणि बैठं काम देतील. लपवलं असं ठरलं, तर आहे तशा पायाने घरी. तो मला इथे येऊ नको म्हणत होता. मी त्याला न सांगता आलेय. एक ओळ हवी आहे. फक्त एक."

परेड पंधरा दिवसांवर आली आहे. शिकवायला राहणाऱ्यांच्या कागदात माझं नाव चढलंय, कारकुनाने दाखवलं होतं.

मी म्हटलं, "रोज चाळीसजण काही ना काही सांगतात. मला नेमकं आठवत नाही."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. कामावर बघत असेल तशी.

"मी रोज हजार तोंडं बघते," ती म्हणाली. "तिकीट न काढलेला माणूस कसा दिसतो ते मला कळतं. काही खिडकीबाहेर बघतात, काही झोपेचं सोंग घेतात. काही माझ्याकडेच बघून हसतात." तिने पत्र घडी करून खिशात ठेवलं. "तुम्ही आठवत नाही म्हणालात. हे मी पहिल्यांदा ऐकलं."

गेली. टेबलावर एक डबा ठेवून गेली. आत शेंगदाण्याचे लाडू. भावाने मित्र म्हणून लिहिलं होतं ना, म्हणून घरून कामाला निघतानाच घेतले असणार. मी ते बराकीत वाटून टाकले. डबलने चार खाल्ले आणि विचारलं, "कुणाकडचे रे?" मी म्हटलं, घरचे.

७ मार्च

तिने मला जरा वेळ द्यायला हवा होता. अशी एकदम अंगावर आली. माणसाला विचार करायला वेळ लागतो.

२० मार्च

पास झालो. चार प्लाटून, बँड, ऊन. सर्वोत्तम रिक्रूट म्हणून माझं नाव पुकारलं. मेजरसाहेबांनी हात मिळवला. त्यांचा हात कोरडा होता, माझा ओला.

आई, ताई, दाजी आले होते. दाजींनी मला मिठी मारली आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "आमचा मेहुणा." पाच वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो आला, आणि मी टोपी नीट करत राहिलो. आईला क्वार्टर दाखवली. अजून रिकामी आहे, किल्ली पुढच्या आठवड्यात. ती स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवत होती, पुन्हा पुन्हा, पुसल्यासारखा. मग म्हणाली, "तू बारीक झालास. आणि बोलतोस कसा रे? पूर्वी माझ्याकडे बघून बोलायचास."

"इथे समोर बघायची सवय लावतात."

"मी समोरच आहे," ती म्हणाली.

२६ मार्च

मास्तर परवा गेला. कुबड्यांवर, बहिणीबरोबर, दवाखान्याच्या मागच्या फाटकाने. मी तेव्हा रंग देत होतो, नव्या तुकडीसाठी दगडांना चुना. फाटक तिथून दिसतं. मी पाठ फिरवली नाही, पण उठलोही नाही.

काल कारकून म्हणाला, "तुमच्या मास्तरची फाइल निघून गेली. सही, शिक्का, रवाना."

आज शुक्रवार. पावणेपाचला मी मेजरसाहेबांकडे गेलो. कुणी पाठवलं नव्हतं, आपण होऊन गेलो. असं कोण जातं? सगळं सांगितलं. नडगी, फाडलेला कागद, वॉर्डातलं बोलणं. सावधानमध्ये उभं राहून, एका दमात.

साहेब कागद आवरत होते. आवरायचे थांबले नाहीत. "फाइल काल गेली. तुला माहीत होतं?"

"नाही, साहेब." हे तोंडून आता आपोआप निघतं.

त्यांनी वर पाहिलं. बहुतेक कळलं. "ती फाइल परत मागवायची म्हणजे तुझा जबाब खोटा, उस्तादची देखरेख खोटी, डॉक्टरने इतके दिवस काय पाहिलं आणि मी सही कशावर केली, हे सगळं उघडायचं. सोमवारी ऐंशी माणसं उतरताहेत. शिकवायला माझ्याकडे पाचजण आहेत, तुझ्यासकट." ड्रॉवर बंद करून कुलूप लावलं. "तू आज इथे आला नाहीस. जा. आणि आजाऱ्यांची यादी नीट ठेवत जा."

मी सॅल्यूट केला. ते म्हणाले, "हात छान बसलाय."

बाहेर आलो आणि मला हलकं वाटलं. खोटं का लिहू, खूप हलकं वाटलं. कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो, वरून भात मागून घेतला. माझ्याकडून जे करायचं ते मी केलं. पुढे त्यांनी नाही केलं त्याला मी काय करणार.

जेवून आल्यावर वाटलं, मास्तरला एक पत्र टाकावं. साहेबांना सांगितलं एवढं तरी त्याला कळावं. कागद घेतला, वर तारीख घातली, 'प्रिय मास्तर' लिहिलं. पाकीट काढलं तेव्हा लक्षात आलं की पत्ता माहीत नाही. गाव कुठलं तेही नाही. सात आठवडे हातभर अंतरावर झोपत होता, माझ्या आईचं, दाजींचं, क्वार्टरीचं सगळं त्याला तोंडपाठ होतं. मी एकदाही विचारलं नव्हतं, तू कुठला.

पत्ता कारकुनाच्या रजिस्टरात असेल. ऑफिस आता सोमवारी उघडेल. सोमवारी नवी तुकडी येते.